परमुलखातला देवधर्म : वाचक विचारतात

परदेशी राहणाऱ्या वाचकांची पत्रं सणावारांच्या आधी वाढतात. यंदाच्या पत्रांतून नेमकं उत्तर देता येईल असे प्रश्न निवडले आहेत. काही उत्तरं शास्त्राची आहेत, काही कायद्याची, आणि काही निव्वळ आमच्या मताची. मत असेल तिथे तसं म्हटलं आहे.

गणपती आमच्याकडे एक दिवस आधी का? २०२३ साली पुण्याच्या घरी १९ सप्टेंबरला बसला, इथल्या देवळात १८ ला. सासूबाई म्हणतात, "आपल्या कॅलेंडरप्रमाणेच बसवा." कुणाचं ऐकायचं? (न्यू जर्सी)

या वादात देऊळ बरोबर आहे. सासूबाईंचं कॅलेंडरही बरोबर आहे, फक्त ते पुण्याचं आहे.

चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. ती सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. सण कोणत्या वारी करायचा हे मात्र त्या त्या गावच्या आकाशावर ठरतं. एकादशीला सूर्योदय बघतात, संकष्टीला चंद्रोदय, लक्ष्मीपूजनाला प्रदोष आणि गणेश चतुर्थीला मध्याह्न.

२०२३ सालचं उदाहरण घ्या. भाद्रपद शुद्ध चतुर्थी भारतात १८ सप्टेंबरला दुपारी पाऊणच्या सुमारास लागली आणि १९ ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास संपली. १९ चा जवळजवळ सगळा मध्याह्न चतुर्थीत आला, म्हणून महाराष्ट्रात गणपती १९ ला बसले. न्यू जर्सीचं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे होतं. तिथे हीच तिथी १८ च्या पहाटे तीनच्या पुढे लागली आणि १९ च्या पहाटे सव्वाचारला संपलीसुद्धा. म्हणजे १९ ला दुपारी न्यू जर्सीत पंचमी होती. त्या दिवशी बसवलेला गणपती पुण्याच्या घड्याळाने चतुर्थीचा आणि तुमच्या डोक्यावरच्या आकाशाने पंचमीचा झाला असता.

मध्याह्न घरी काढता येतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच भाग करा, त्यातला तिसरा भाग म्हणजे मध्याह्न. सप्टेंबरच्या मध्यावर तुमच्याकडे सूर्य ६:४० ला उगवतो आणि सातला मावळतो. दिवस ७४० मिनिटांचा झाला, पाचवा हिस्सा १४८ मिनिटं. म्हणून मध्याह्न ११:३६ ते २:०४. प्राणप्रतिष्ठा या वेळात करावी.

चुका दोन ठिकाणी होतात. मोबाइलवरच्या पंचांगात गाव निवडलेलं नसतं, त्यामुळे ते मुकाट्याने भारतातल्याच कुठल्यातरी शहराची वेळ दाखवत राहतं. दुसरी चूक उन्हाळी वेळेची. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो. दिवाळी नेमकी याच आठवड्यात आली की लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त तासाभराने हुकतो. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी सगळं उलट आहे: तिथे सण भारताच्याच दिवशी किंवा एक दिवस नंतर येतो, आधी नाही.

संकल्पाविषयीही त्याच पत्रात विचारलं आहे. "दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे" हे शब्द न्यू जर्सीतल्या एडिसन गावात बसून म्हणायचे का? संकल्प म्हणजे मी आत्ता कुठे आणि कधी बसलो आहे याची नोंद, तेव्हा ती खरी हवी. अमेरिकेतली बरीच पुरोहित मंडळी जंबुद्वीपाऐवजी "क्रौंचद्वीपे" म्हणतात आणि पुढे देशाचं, गावाचं, जवळच्या नदीचं नाव घेतात. तसं करा. सासूबाईंना पुण्याहून व्हिडिओवर आरतीला बसवायचं असेल, तर त्यांची रात्रीची जेवणं उरकलेली असतील ती वेळ धरा, म्हणजे तुमच्या मध्याह्नाशी जुळेल.

संकष्टीला उन्हाळ्यात चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. सकाळी आठला कामावर हजर व्हायचं असतं. पुण्याच्या चंद्रोदयाला उपास सोडला तर चालेल? (एडिंबरा)

उत्तरेकडे उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र खूप दक्षिणेला असतो, म्हणून उशिरा उगवतो आणि क्षितिजालगत सरपटत जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच चंद्र रोज जेमतेम पंधरा-वीस मिनिटंच उशिरा येतो, आणि संकष्टीलाही आठच्या आसपास दर्शन देतो. म्हणजे अडचण वर्षातल्या तीन-चार संकष्ट्यांचीच आहे.

पुण्यात चंद्र उगवतो तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे चार-पाच वाजलेले असतात. त्या वेळी उपास सोडणं म्हणजे दुपारचा चहा लांबवणं झालं, त्याला व्रत म्हणवत नाही. आमचं मत असं: अर्घ्य स्थानिक चंद्रोदयालाच द्यावं, पण तोवर निरंकार राहण्याचा हट्ट नको. संध्याकाळी आरती करून फराळ घ्या, मोदकाचं जेवण चंद्रोदयानंतर करा किंवा त्या महिन्यात सोडून द्या. उपासात फराळ चालतोच. ढग असतील तर पंचांगातल्या वेळेला चंद्राच्या दिशेला अर्घ्य देतात, ते तिथेही चालतं.

नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, ट्रॉम्सोसारख्या गावी, मे महिन्यातल्या काही संकष्ट्यांना चंद्र उगवतच नाही. तिथे त्याच देशातल्या दक्षिणेकडच्या शहराची वेळ धरणं हाच व्यवहार्य मार्ग.

चिनी दुकानातला ट्यापिओका म्हणजे साबुदाणाच ना? खिचडीचा लगदा होतो. (व्हँकुव्हर)

दोन्ही टॅपिओकाच्या स्टार्चचेच, पण तिथे तीन-चार प्रकार मिळतात. काळे मोठे मणी चहात घालायचे असतात, त्यात कारमेल आणि बऱ्याचदा गोडवा घातलेला असतो, ते घेऊ नका. 'झटपट' लिहिलेला बारीक रवाळ प्रकार आधीच शिजवलेला असतो, लगदा त्याचाच होतो. पांढरा, लहान मणी घ्या, पाणी गढूळ येणं थांबेपर्यंत धुवा, आणि मणी जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार तास झाका. बोटांत दाबल्यावर आत कडक ठिपका लागला तर वरून दोन चमचे पाणी शिंपडा, ओतू नका. राजगिरा मात्र तिथल्या हेल्थ फूडच्या दुकानात हमखास मिळतो.

आम्ही शाकाहारी. पाकिटावर हिरवा ठिपका नसतो. जर्मन येत नाही. नेमकं काय वाचायचं? (श्टुटगार्ट)

हिरव्या ठिपक्याची सवय झालेल्या माणसाला युरोपात पहिले सहा महिने अवघड जातात. तिथे 'शाकाहारी' या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही. छापलेलं पिवळं-हिरवं व्ही-लेबल ही खासगी संस्थेची खूण आहे. ती असली तर निर्धास्त घ्या, नसली तरी पदार्थ निषिद्ध ठरत नाही. घटकांची यादी वाचावी लागते.

कायद्याचा एक फायदा आहे. युरोपीय संघात अ‍ॅलर्जी देणारे घटक यादीत ठळक अक्षरांत छापावे लागतात. अंडं, मासे, दूध हे त्यात येतात, म्हणून 'आय' म्हणजे अंडं आणि 'फिश' लगेच डोळ्यांत भरतात. जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ), चरबी आणि मांसाचा अर्क या सक्तीत बसत नाहीत, ते साध्या अक्षरांत दडलेले असतात. म्हणून हे शब्द पाठ करा. 'गेलाटिने': गमी गोळ्या, मूस, कमी स्निग्धांशाची काही दही-क्रीम, मार्शमॅलो. 'श्माल्झ' म्हणजे डुकराची चरबी. तुमच्या श्वाबियन भागात ब्रेत्सेलच्या कणकेत ती घालायची पद्धत आहे, तेव्हा बेकरीत विचारल्याशिवाय ब्रेत्सेल घेऊ नका. 'श्पेक' म्हणजे बेकन, बटाट्याच्या सॅलडपासून कोबीच्या भाजीपर्यंत कुठेही. 'ब्र्यूए' म्हणजे रस्सा. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं.

चीजची गोष्ट वेगळी. दूध विरजायला 'लाब' वापरतात, तो वासराच्या जठरातून काढलेला असू शकतो. 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलं असेल तर चालेल. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही नावं तर वासराच्या लाबशिवाय लावताच येत नाहीत. इटालियन हॉटेलात 'शाकाहारी' पास्त्यावर भुरभुरवतात ते बहुधा हेच.

ई-क्रमांकांत (पदार्थात घातलेल्या रंग-रसायनांचे युरोपातले संकेतांक) ई-१२० हा किड्यांपासूनचा लाल रंग आहे, ई-९०४ म्हणजे लाख. ई-४७१ वनस्पतीचा किंवा प्राण्याचा, दोन्ही असू शकतो. तिथे व्ही-लेबल नसेल तर कंपनीला मेल टाका. जर्मन कंपन्या उत्तर देतात. फळांचे स्वच्छ रस आणि वाइन निवळण्यासाठी जिलेटिन वापरलं जातं आणि ते यादीत येत नाही. त्यामुळे गढूळ रस घेणं सोपं पडतं. साखरेची चिंता करू नका: हाडांच्या कोळशातून गाळण्याचा प्रकार अमेरिकेतल्या उसाच्या साखरेत आढळतो, जर्मनीतली साखर बीटची असते.

हॉटेलात नुसतं 'फेगेटारिश' म्हणून भागत नाही. "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने ब्र्यूए" (मांस नको, मासे नकोत, रस्सा नको) असं तीनदा 'ओने' म्हणा. तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही विचारा. गृहीत धरलं की काय होतं ते अमेरिकेत २००१ साली दिसलं. मॅकडॉनल्ड्स वनस्पती तेलात तळतो म्हणून लोक फ्राइज शाकाहारी समजत होते, आणि त्यात गोमांसाचा स्वाद होता. हिंदू ग्राहकांनी दावे लावले, कंपनीने माफी मागितली आणि २००२ मध्ये एक कोटी डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये तो स्वाद त्यानंतरही राहिला, एवढं ध्यानात ठेवा.

आणि नकळत पोटात गेलं तर? आंघोळ करा, देवापुढे दिवा लावा, पुढच्या वेळी यादी वाचा. याहून मोठं प्रायश्चित्त कुणी सांगत असेल तर दक्षिणा किती ते आधी विचारा.

फ्लॅटमध्ये राहतो. विसर्जन कुठे? नदीवर कुणी ओरडेल का? (लेस्टर)

ओरडतील, आणि त्यांचं चुकीचंही नसेल. नदी-तळ्यात वस्तू सोडायची तर जागेची मालकी असलेल्यांची परवानगी लागते. काही शहरांत मंडळं ती सामूहिक विसर्जनासाठी काढतात, तिथे नाव नोंदवा. नाहीतर बादली.

मूर्ती शाडूची आणि सहा ते आठ इंचांची असावी. पंधरा-वीस लिटरची बादली घ्या, पाणी मुकुटाच्या वर चार बोटं हवं. हार, जानवं, कापडाची वस्त्रं, मणी आधी काढा. उत्तरपूजा करून मूर्ती सरकवली की ढवळू नका. काही तासांत सुटायला लागते, रात्रभरात गाळ बसतो. दुसऱ्या दिवशीही आकार तसाच असेल तर ती प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे असं समजा, ती पाण्यात विरघळत नाही.

यापुढची चूक सगळ्यांत महाग: ते पाणी सिंकमध्ये किंवा संडासात ओतणं. शाडू पाइपच्या वाकणात बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. भाड्याच्या घरात डिपॉझिटवर पाणी सोडावं लागतं. दोन दिवस बादली हलवू नका, वरचं निवळ पाणी झाडांना घाला, खालचा गाळ वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. कुंडीत मिसळायचा तर चार भाग मातीला एक भागापेक्षा जास्त नको, मुळांशी पाणी तुंबतं. आम्हाला विचाराल तर तो वाळवून डब्यात ठेवा. शाडू भाजलेला नसतो, भिजवला की पुन्हा मळता येतो. पुढच्या वर्षी त्याच मातीचा गणपती घरी करा. कुंभारकामाच्या सामानाच्या दुकानात न भाजलेली साधी माती मिळते, ती कमी पडल्यास घाला. हस्तकलेच्या दुकानातली 'हवेत वाळणारी' माती घेऊ नका, तिच्यात कागदाचा लगदा आणि गोंद असू शकतो. पोट आतून पोकळ करा, सावलीत आठवडाभर वाळू द्या, नाहीतर तडे जातात.

मुलीकडे मेलबर्नला जाते आहे. तिच्या घरच्या पूजेसाठी काय नेता येईल? (ठाणे)

ताई, सामान भरताना एकच नियम: जे कधी उगवलं, दुभलं किंवा चाललं होतं, ते सगळं उतरताना मिळणाऱ्या कार्डावर जाहीर करा. रुद्राक्ष हे बी आहे, दर्भ हे गवत आहे, पेढे दुधाचे आहेत, सुपारी, हळकुंड, तांदूळ, समिधा, चंदनाचं खोड, गंगाजल, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगता सापडली तर दंड होतो. न्यूझीलंडमध्ये तो जागच्या जागी ४०० डॉलर आहे. ताजी फुलं, विड्याची पानं, आंब्याचा टाळा, नारळ यांचा मोह सोडा, तिकडच्या भारतीय दुकानात पर्याय मिळतात. धातूची उपकरणी, कापसाच्या वाती, अष्टगंध, कारखान्यात पॅक केलेलं कुंकू यांना सहसा अडचण येत नाही.

शेणी आणि गोमूत्र कुठल्याच देशात नेऊ नका. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर एका बॅगेत गोवऱ्या सापडल्या आणि नष्ट केल्या गेल्या. कारण धर्माचं नव्हतं, गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाचं होतं.

होमाचं विचारलं आहे. फ्लॅटमध्ये नको. धुराचा अलार्म पिशवी बांधून बंद करणं बहुतेक ठिकाणी नियमभंग आहे, आणि इमारत रिकामी करावी लागली तर खर्च मुलीच्या माथी येतो. परसात परवानगी असेल तर तिथे, नाहीतर देवळात. घरी तुपाचं निरांजन आणि आरतीपुरती कापराची एक वडी. कापूर नातवंडांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर लहान मुलांना झटके येतात.

मी सांगलीचा, दिगंबर जैन. सूर्यास्तानंतर जेवत नाही. डिसेंबरमध्ये इथे तीनच्या आत अंधार पडतो. (स्टॉकहोम)

आकडे मांडू. २१ डिसेंबरला स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊच्या जरा आधी उगवतो आणि पावणेतीनच्या जरा पुढे मावळतो. काटेकोर पाळायचं तर सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, आणि सूर्यास्तापूर्वी तेवढीच सोडायची. हाती साडेनऊ ते दोन एवढा वेळ राहतो. नोकरीच्या दिवसात हे बसतं, फक्त जेवण घरून कामाच्या टेबलावर हलवावं लागतं. साडेनऊला भरपेट नाश्ता, बाराला जेवण, पावणेदोनला तिसरं खाणं: सुकामेवा, तूप-गूळ-पोळी, दही. दोन ते पुढच्या सकाळपर्यंत साडेएकोणीस तास होतात. पाणीही न घेणाऱ्यांनी मधुमेह, मूतखडा किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांशी आधी बोलावं. अशा वेळी रात्रीचं पाणी मोकळं ठेवणं हा बऱ्याच श्रावकांचा मार्ग आहे.

साहेबांना कारण सांगून टाका. "पावणेदोनची मीटिंग अडीचला घ्या" एवढंच मागणं असतं, आणि ते वर्षातून दोन-तीन महिनेच. जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो तेव्हा कुणी काही विचारत नाही. दशलक्षण पर्व भाद्रपदात येतं, तेव्हा तिकडचा दिवस आपल्यासारखाच असतो. सांगलीच्या घड्याळाने जेवण्याचा विचार करू नका. नियम उजेडाचा आहे, अंधारात बसून सांगलीत ऊन आहे म्हणणं त्यात बसत नाही.

वडील इथे मुलाकडे वारले तर काय करावं, हे आधीच माहीत असावं असं वाटतं. (लंडन)

विचारलंत हे बरं केलंत, ऐन वेळी कुणालाच सुचत नाही.

इंग्लंडमध्ये डॉक्टरी दाखला नोंदणी कार्यालयात पोचला की पाच दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते. दहनाची वेळ मिळायला मात्र एक ते तीन आठवडे लागू शकतात. फ्युनरल डायरेक्टरला पहिल्याच फोनवर चार गोष्टी सांगा: हिंदू दहन आहे, अंघोळ आणि वस्त्रं आम्ही घालू, दाहगृहात दुप्पट वेळ हवा (एरवी अर्धा-पाऊण तासच मिळतो), आणि पेटी आत सरकवताना मुलगा हजर राहील. बटण दाबण्याची मुभा बहुतेक ठिकाणी आहे, तोच मंत्राग्नी समजतात. पेटीत तुळस, थोडं तूप, चंदन, गंगाजलाचे थेंब ठेवता येतात. नारळ ठेवू नका, भट्टीत फुटतो. काचेच्या बांगड्या, धातू, चामडं नाही. पेसमेकर असेल तर आधी काढावाच लागतो. उघड्यावर चिता रचण्याविषयी दावेंदर घई यांचा खटला २०१० मध्ये अपील न्यायालयात गेला आणि भिंती व उघडं छप्पर असलेल्या वास्तूत ते कायद्यात बसू शकतं असा निर्णय झाला, पण रोजच्या व्यवहारात दाहगृहच आहे.

तिकडे दहनानंतर अस्थी यंत्रात दळून भुकटी करतात. अस्थिसंचयनासाठी अस्थी अखंड हव्या असतील तर "दळू नका" असं लेखी द्या. विसर्जन तिथल्या नदीत करता येतं. पिण्याच्या पाण्याच्या उपशाच्या वरच्या अंगाला एक किलोमीटरच्या आत नको, वाऱ्याच्या दिवशी नको, हार-प्लास्टिक-कलश पाण्यात नको. भारतात आणायच्या तर मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, वकिलातीकडून लागणारी कागदपत्रं आधी विचारा, आणि कलश लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्या. धातूच्या कलशातलं तपासणी यंत्राला दिसत नाही आणि तो उघडायला लावतात.

मृत्यूची वेळ, गाव आणि तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती का, हे त्याच दिवशी वहीत लिहा. वर्षश्राद्धाची तिथी त्या क्षणावरून ठरते. पुण्यातल्या भावाला फोन पोचला त्यावरून नाही. दरवर्षी श्राद्ध जो करेल त्याच्या गावच्या अपराह्णी. दिवसाच्या पाच भागांतला हा चौथा. लंडनला डिसेंबरच्या शेवटी तो पाऊण ते सव्वादोन एवढाच असतो, तेव्हा गुरुजींना दुपारी तीनला बोलावू नका.

ऑपरेशनच्या वेळी मंगळसूत्र काढायला लावतील का? (बर्मिंगहॅम)

लावतील. धातू एमआरआयमध्ये चालतच नाही, आणि शस्त्रक्रियेत विजेच्या उपकरणाने भाजू शकतं. काळे मणी सुती दोऱ्यात ओवून ते चालतील का, हे भरती होण्याआधीच्या तपासणीतच विचारा, टेबलावर नाही. जानवं सुती असल्याने एमआरआयला अडचण नाही. गोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये प्राण्यांचं जिलेटिन असू शकतं, आणि मुलांना शाळेत नाकातून देतात त्या फ्लूच्या लशीत डुकराचं जिलेटिन असतं. लसीला इंजेक्शनचा पर्याय मागता येतो. हृदयाची झडप गाय-डुकराची की यांत्रिक, हाही प्रश्न सर्जनला थेट विचारा. यांत्रिक झडपेला जन्मभर रक्त पातळ करण्याच्या गोळ्या लागतात, तेव्हा निवड फक्त धर्मावर करू नका.

मैत्रिणीचं कॅथलिक लग्न आहे. सगळे उठून पुढे जाऊन प्रसाद घेतात म्हणे. नाही घेतला तर तिला वाईट वाटेल? (डब्लिन)

उलट घेतलात तर अवघडल्यासारखं होईल. तो कम्युनियन फक्त कॅथलिकांसाठी असतो. ओळ पुढे सरकते तेव्हा पाय बाजूला घेऊन लोकांना जाऊ द्या आणि बसून राहा, किंवा ओळीत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहा, गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही. साडी खुशाल नेसा, फक्त पांढरी नको.